ओझं त्याच्याकडे, काम आपल्याकडे

पोरांनो, अडचणीच्या दिवसांत माणूस सगळ्यात जास्त खचतो तो "हे सगळं माझ्या एकट्याच्या मनगटावर आहे" या समजुतीने. माझा सगळा संसार पारनेर तालुक्यात झाला. पठारावरची जिराईत जमीन, चारशे-पाचशे मिलिमीटर पडला तर पडला असा पाऊस, बाजरी-मूग आणि विहिरीला पाणी टिकलं तर वाटाणा-कांदा. घरटी एक तरी माणूस मुंबईला. अशा मुलखात कर्त्या पुरुषाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : "कुणाला सांगू नकोस, मी बघतो." या 'मी बघतो'ची मला पावसाने ओढ दिल्यापेक्षा जास्त धास्ती वाटते. पावसाची ओढ साऱ्या गावाला दिसते. हे मात्र एकाच्या छातीत चाललेलं असतं आणि शेजारी झोपलेल्या बायकोलाही त्याचा पत्ता नसतो.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण हरिपाठ मुखोद्गत आणि हिशेब असा पक्का की दुकानदारही त्यांच्यापुढे जपून बोलायचा. आपल्या बळावर घर चालतं असं त्यांनी कधी मानलं नाही. "चालवणारा तो आहे, आपण त्याच्या हाताखालची माणसं," असं म्हणायच्या, आणि हाताखालच्या माणसाने काय काय करायचं ते त्यांनी मला वेळोवेळी शिकवलं. तेच तुमच्या कानावर घालते.

सुरुवात दिवा लावायच्या वेळेपासून करते. आत्याबाई देवळीत दिवा लावायच्या, हात जोडायच्या आणि मोठ्याने बोलायच्या. "पांडुरंगा, सोसायटीचं मार्चला भरायचंय. बियाणंवाल्याचं राहिलंय. म्हशीने पान्हा चोरलाय." मागणं क्वचितच असायचं, नुसतं सांगणं. मामंजी ओट्यावर बसलेले असायचे, दीर बैलांना वैरण टाकत असायचे, मी चुलीपाशी. देवाला सांगता सांगता सगळ्या घराला कळायचं. कुणी वेगळी बैठक बोलवायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी मामंजी आपण होऊन सोसायटीच्या सचिवाला भेटून यायचे.

तुम्हीही असंच सांगा, आणि आकड्यासकट सांगा. "देवा, सगळं नीट कर" एवढं म्हणून भागत नाही. त्यात काहीच खाली ठेवलं जात नाही. देणं किती, कुणाचं, कोणत्या तारखेचं, रिपोर्टमध्ये काय आलंय, कशाची भीती वाटते, हे नाव घेऊन बोला. ज्याला देवापुढे आकडा उच्चारता येत नाही, त्याला तो बायकोपुढे किंवा बँकेतल्या साहेबापुढे कसा उच्चारता येईल? देवासमोर लाज वाटायचं कारण नाही, त्याला ते आधीच ठाऊक आहे. सांगितल्याने आपली जीभ मोकळी होते.

रात्रीचा नियम वेगळा. जेवणं झाली, दारं लागली, की घरातला कोणताही निर्णय करायचा नाही. जमीन काढायची का, नोकरी सोडायची का, भावाशी वाटणी मागायची का, यातलं काही नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला तर तो त्या घटकेला घरातल्या माणसाला उठवून सांगायचा. "रात्रीची राखण त्याची," हे आत्याबाईंचं ठरलेलं बोलणं. अंथरुणावर पडल्यावर डोक्यात हिशेब सुरू झाला तर उठून बसा, पाणी प्या, नाम घ्या. किती वेळा ते मोजू नका. झोप लागली तर उत्तम, नाही लागली तरी रात्र सरते. सकाळी अडचण तीच असते, पण धार काढताना तिच्याकडे बघणं आणि अंधारात आढ्याकडे बघत तिचा विचार करणं यात फार फरक आहे. कुणीतरी आपल्यासाठी जागं आहे असं ज्याला मनापासून वाटतं, त्यालाच डोळे मिटता येतात.

1972चा दुष्काळ मी नवी सून असताना पाहिला. खरीप गेलं, मग रब्बीही गेली. गुरं विकली गेली, ज्यांची विकली गेली नाहीत त्यांनी ती सोडून दिली. सरकारने दुष्काळी कामं काढली, पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग. घरंदाज बायका कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या, त्या डोक्यावर पदर ओढून खडी फोडायला बसल्या. आत्याबाईही बसल्या आणि मला शेजारी बसवलं. दगड धरायला तारेची कडी, डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या, उजव्या हातात हातोडी. दुपारी सुकडी मिळायची, म्हणजे पिठाचा पौष्टिक खाऊ. घरी मिलो नावाच्या ज्वारीच्या भाकरी, त्या थापताना तुटायच्या. माझ्यासमोर न फोडलेल्या दगडांचा ढीग होता आणि त्याच्याकडे बघून मला रडू यायचं. आत्याबाई म्हणाल्या, "ढिगाकडे बघू नको. ढीग त्याचा आहे. तुझा दगड तो कडीतला."

मी आजवर ऐकलेल्या कीर्तनांत याहून खोल बोलणं मला आठवत नाही. दवाखान्यात घरचं माणूस महिनोन् महिने पडून असतं, पोराची नोकरी जाते, कोर्टाची तारीख पुढे पुढे सरकते, तेव्हा एकच विचारायचं : आज कडीत कोणता दगड आहे? आजचं औषध, आजचा फोन, आजचा अर्ज. बाकीचा ढीग ज्याचा आहे त्याचा.

पण एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण विठ्ठलाच्या नावाखाली आळस खपवणारीही माणसं आहेत. खाटल्यावर बसून हरीची वाट बघणं म्हणजे भरवसा नव्हे. गारपीट झाली आणि पिकाच्या विम्यात तिचं संरक्षण घेतलेलं असेल, तर नुकसान 72 तासांच्या आत कळवावं लागतं. देवावर हवाला ठेवून तुम्ही चौथ्या दिवशी गेलात तर तो दोष देवाचा नाही. खासगी सावकाराने बेकायदा व्याज लावलं, जमीन लिहून घेतली, तर 2014चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. तालुक्याच्या ठिकाणी सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार करता येते. छातीत कळ आली तर अंगाऱ्याआधी गाडी बोलवा. देव्हाऱ्यापुढून उठल्यावर पायात चप्पल घालून बाहेर पडायचं, हा आमच्या घरचा रिवाज होता.

आणि जे आपल्या हातात नाही, ते नाही म्हणून ओळखा. ऑगस्ट 2023मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात तर निर्यातच बंद झाली. लागवड चांगली करणं, चाळ हवेशीर ठेवणं, सडका कांदा वेळेवर निवडून काढणं हे शेतकऱ्याचं काम. भाव पडला म्हणून रात्रभर स्वतःला शिव्या देणं हे त्याचं काम नाही. आपल्या भागातली कितीतरी सज्जन माणसं न केलेल्या चुकीची शिक्षा स्वतःला देत बसतात. ज्याचा देवावर भरवसा आहे, त्याने स्वतःला एवढं मोठं समजू नये की बाजारभावही आपल्याच कर्माने पडला.

नवसाबद्दल माझं मत कडक आहे. आपल्याकडे पिंपळगाव रोठ्याला कोरठणचा खंडोबा आहे, निघोजला मळगंगा आहे, दोन्हीकडे मी भक्तीने जाते, लेकरांना घेऊन जाते. पण संकटातल्या माणसाने पैशाचा नवस बोलू नये. "हे झालं तर तुला अमुक करीन" यात पुन्हा आपलीच ताकद पुढे येते, जणू देवाला द्यायला आपल्या गाठीशी काही आहे. कर्ज काढून जागरण-गोंधळ घालणारं घर मी पाहिलंय, पुढे दोन वर्षं ते फक्त त्या जागरणाचं व्याज फेडत होतं. तुमच्यावर करणी झालीय, उतारा करावा लागेल, असं कुणी सांगितलं तर त्या दारात पुन्हा उभं राहू नका. असल्या फसवणुकीविरुद्ध आपल्या राज्यात 2013पासून कायदा आहे. ज्याने विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवलं, त्याला आणखी कुणाला भ्यायचं कारण उरत नाही. देवाला द्यायचंच असेल तर वेळ द्या. एकादशी धरा, दारू सोडा, रोजचा हरिपाठ धरा.

आता मदत घेण्याबद्दल. पठारावरची माणसं मदत द्यायला पुढे आणि घ्यायला मागे. पाहुण्याला दूध देतील आणि स्वतः कोरा चहा पितील, पण शेजाऱ्याकडे दोन पायल्या बाजरी मागायची म्हणजे मान खाली जाते. आत्याबाई सुकडी घ्यायला रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा भावकीतली एक बाई म्हणाली, "पाटलिणीसारखी राहिलीस आणि आता ओंजळ पसरतेस?" आत्याबाईंनी उत्तर दिलं, "ओंजळ त्याच्यापुढे पसरलीय. मुकादम मधला." देवाचं बळ येतं ते माणसांच्या हातून येतं. वेगळ्या वाटेने आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. 2021च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली, शहरातल्या दवाखान्यांत खाट मिळेना, तेव्हा आपल्याच तालुक्यात भाळवणीला 1100 खाटांचं केंद्र उभं राहिलं. धान्य, भाजीपाला, पैसा लोकांनी आणून दिला. तिथे उपचार घेतलेल्या कितीतरी माणसांनी आयुष्यात कुणाचं फुकट काही घेतलं नव्हतं. त्या वेळी "मी माझं बघतो" म्हणून घरात पडून राहिलेल्यांचं काय झालं, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच्या आदल्या वर्षी वारीच झाली नाही. 2020च्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि आम्ही घरात बसलो. पिंपळनेरच्या पालखीबरोबर वाट चालायची सवय असलेल्या पायांना ते फार जड गेलं. पण त्या दिवसांनी एक शिकवलं : रोजचा नेम ज्याच्याकडे होता तो त्या वर्षी टिकला, आणि ज्याची भक्ती फक्त गर्दीत व्हायची तो सैरभैर झाला. म्हणून सांगते, बरे दिवस असतानाच नेम लावून घ्या. विहीर पावसाळ्याआधी खणतात.

पिंपळनेरचं नाव निघालं म्हणून निळोबारायांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. राळेगणजवळचं हे गाव. घराण्यात कुळकर्णपण. त्यांना गुरू करायचा होता तो तुकोबांना, आणि तुकोबा तर आधीच देह सोडून गेलेले. परंपरेत अशी कथा सांगतात की निळोबा देहूला अन्नपाणी सोडून बसले. प्रत्यक्ष पांडुरंग आले, तेव्हा निळोबा म्हणाले, मी आपल्याला बोलावलं नव्हतं, मी तुकोबांना बोलावलंय. शेवटी तुकोबांनी दर्शन देऊन कृपा केली. वारकऱ्यांच्या गुरुपरंपरेत निळोबांचं नाव शेवटचं येतं, आणि ते आपल्या तालुक्यातलं आहे, याचा आपल्याला अभिमान हवा. ज्याला डोळ्यांनी पाहिलं नाही, जो या जगात नाही असं सगळे म्हणतात, त्याच्यावर एवढा ठाम विश्वास ठेवून बसणं, हे बळ निळोबांनी कुठून आणलं असेल? मला वाटतं, आपल्याकडे बळ नाही हे त्यांनी आधी कबूल केलं होतं.

राळेगण सिद्धीची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी तिच्यातला एक भाग बहुतेक जण सोडून देतात. अण्णा हजारे सैन्यात ड्रायव्हर होते. 1965च्या युद्धात खेमकरणला सोबतचे जवान गेले आणि ते वाचले. 1975मध्ये गावी आले तेव्हा गाव कोरडं होतं आणि दारूच्या भट्ट्या पेटत होत्या. गावातल्या यादवबाबांच्या देवळाची लाकडंसुद्धा भट्टीत गेली होती. त्यांनी आपल्या फंडाच्या पैशातून पहिल्यांदा ते देऊळ दुरुस्त केलं. पाणलोट, बंधारे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे त्यानंतर. लोक देवळात जमू लागले, दारूबंदीचा निर्णय देवळात बसून झाला आणि म्हणून तो मोडायला लोक कचरले. अण्णांच्या पुढच्या आंदोलनांबद्दल कुणाचं काहीही मत असो, पण खचलेल्या गावाने उभं राहताना आधी देवाची जागा नीट केली आणि मग हातात कुदळ घेतली, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमचं घर खचलं असेल तर देव्हारा पुसण्यापासून सुरुवात करा. हसू नका, करून बघा.

अगदीच सुचेनासं झालं तर दुसऱ्या कुणाचं तरी काम करा. सेनापती बापट आपल्या पारनेरचे, जन्म 12 नोव्हेंबर 1880. विलायतेला शिकायला गेले, क्रांतिकारकांत मिसळले, बाँबची विद्या शिकून आले, भूमिगत राहिले, पकडले गेले. सुटून गावी आले तेव्हा एवढ्या विद्वान माणसाने काय करावं? हातात झाडू घेतला आणि पारनेरचे रस्ते झाडले. मुळशीचा सत्याग्रह त्याच्या नंतरचा. आपलं काही चालत नाही असा काळ आला की झाडू घ्यावा, मंदिराचं आवार झाडावं, म्हाताऱ्या शेजारणीचं पाणी भरून द्यावं. आपली शक्ती संपली असं वाटत असताना दुसऱ्यासाठी हात उचलता येतो, तेव्हा ती आपली नव्हतीच हे कळतं.

शेवटची गोष्ट अवघड आहे. देव नेहमी ऐकतोच असं नाही. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, लहानगा संतू गेला, दुकान बुडालं. एवढा मोठा भक्त, पण त्याच्या घरातलं मरण टळलं नाही. त्यानंतर त्यांनी घराण्याच्या सावकारीचे कागद धाकट्या भावाबरोबर वाटून घेतले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले. हे उदाहरण काही जण उलटं वापरतात म्हणून स्पष्ट सांगते, तुकोबांनी लोकांकडून येणं असलेले कागद बुडवले, लोकांचं देणं नव्हे. आणि त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी भांडण किती आहे! नामदेवांच्या आहे, जनाबाईच्या आहे. आपल्या संतांनी देवाला शिव्यासुद्धा दिल्यात. म्हणून तुमच्यावर वेळ आली तर गोड बोलायचा आव आणू नका.

दुष्काळ सरला आणि वर्षभरात माझी धाकटी नणंद तापाने गेली. आत्याबाईंनी दिवा लावणं सोडलं. मामंजी लावायचे, त्या आत चुलीपाशी पाठ करून बसायच्या. घरात कुणी त्यांना काही म्हटलं नाही. पुढे एका संध्याकाळी त्या उठल्या, वात वळली, तेल घातलं, काडी ओढली आणि उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत. म्हणाल्या, "तुझं माझं भांडण मिटलेलं नाही. पण बोलायचं तुझ्याशीच." मग नेहमीसारखं सांगायला लागल्या, विहिरीचं पाणी किती उतरलंय, कुणाची गाय व्यायलीय. हात जोडायला त्यांना आणखी पुष्कळ दिवस लागले. भरवसा म्हणतात तो मी त्या संध्याकाळी पाहिला. त्यात आनंद नव्हता, समाधानही नव्हतं, फक्त बोलणं तुटू दिलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाचं बोलणं तुटलं असेल, देवाशी किंवा घराशी, तर ते आज जोडा. देवापुढे जमत नसेल तर माणसापुढे बोला. माणूसही जवळ नसेल तर 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, दिवसा-रात्री केव्हाही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि जे बरे आहेत त्यांनी आज जेवताना आपल्या घरातल्या गप्प माणसाकडे नीट बघा. "मी बघतो" म्हणणाऱ्याला विचारा, काय बघतोस, किती आहे, कुणाचं आहे. तो सांगेपर्यंत ताटावरून उठू नका.